सायलेन्सर बदललात? मग कार्ब्युरेटरही पाहा

बुलेटला नवा सायलेन्सर बसवला की पहिले दोन दिवस मजेत जातात. आवाज भारदस्त होतो, गल्लीतली पोरं वळून बघतात. तिसऱ्या दिवशी आपण एखादा घाट उतरायला लागता, रेस सोडता आणि मागून फट्-फट् असे बार निघू लागतात. चढावर पूर्ण रेस देऊनही गाडी ओढत नाही. सिग्नलला उभी केली की बंद पडते. आणि कोणीतरी जाणता माणूस सांगतो, ‘जेट बदलून घ्या.’

सल्ला बरेचदा बरोबर असतो, पण अर्धाच असतो. कोणता जेट, किती मोठा, आणि खरंच जेटच का, हे कोणी सांगत नाही. ते आपण आज क्रमाने पाहू. हाताशी चांगला स्क्रू ड्रायव्हर, एक नवा स्पार्क प्लग आणि सुट्टीचा एक अख्खा दिवस असला, तर हे काम घरच्या अंगणात होतं.

उदाहरणासाठी आपण जुनी, ओतीव लोखंडी इंजिनाची बुलेट ३५० घेऊ. ३४६ सीसीचं एकच सिलिंडर आणि त्याला मिककार्ब व्हीएम २४ हा कार्ब्युरेटर. हा अगदी सरळ यंत्रणेचा असल्यामुळे शिकायला सोपा. तत्त्व मात्र कार्ब्युरेटर असलेल्या सगळ्या गाड्यांना सारखंच लागू पडतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. आपली गाडी तशी असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही.

आधी कायद्याचं बघू

१७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची आवाजमर्यादा असते. आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडणारी गाडी रस्त्यावर आणली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय तीन महिने लायसन्स जातं. जप्त केलेले फटाका सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपणही पेपरात पाहिले असतील.

म्हणून सायलेन्सर घेतानाच टोकातून आत बॅटरी मारून पाहा. आत आवाज अडवणाऱ्या पडद्या किंवा जाळी असलीच पाहिजे. त्यांना बॅफल म्हणतात. आरपार मोकळा पाइप दिसला, तर तो दुकानातच सोडा. त्याने आवाज तर वाढतोच, पण कार्ब्युरेटरही धड लावता येत नाही. काही गाड्यांच्या मूळ सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. सायलेन्सर काढला की तोही जातो आणि पीयूसीला अडचण येते, हेही लक्षात असू द्या.

बिघडतं नेमकं काय?

पेट्रोल पूर्ण जळायला हवा लागते, आणि ती ठरावीक प्रमाणात लागते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, म्हणजे साडेबारा ते तेरा भाग हवेला एक भाग. वजनाचं मापात आणलं तर चित्र स्पष्ट होतं. एक लिटर पेट्रोल जाळायला जवळपास ९,००० लिटर हवा लागते. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जेवढी हवा मावते, तिच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी.

हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की मेकॅनिक म्हणतात, गाडी ‘लीन’ चालते. जास्त झालं की ‘रिच’. मराठीत कोरडं आणि ओलं मिश्रण म्हणा.

आता सायलेन्सर. जुन्या सायलेन्सरमध्ये जळका वायू अडखळत बाहेर पडायचा. नव्यात वाट मोकळी झाली. आतला धूर लवकर निघून गेल्यामुळे सिलिंडरमध्ये ताज्या हवेला जास्त जागा मिळते. कार्ब्युरेटर वाढत्या हवेबरोबर पेट्रोलही वाढवतो, पण पुरतं नाही. त्यात कारखान्याने धुराच्या नियमांसाठी मिश्रण आधीच कोरड्याच्या बाजूला ठेवलेलं असतं. शिलकीत काही नसताना खर्च वाढावा, तसं होतं.

आणखी एक कारण पंपावर आहे. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असल्यामुळे तेवढ्याच हवेला हे इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलच्या मानाने साधारण सात-आठ टक्के. जुन्या बुलेटचे जेट शुद्ध पेट्रोलच्या काळातले. म्हणजे सायलेन्सर बदलण्याआधीच ती थोडी कोरडी चालत असण्याची शक्यता असते.

कोरड्या मिश्रणाचं नुकसान लगेच दिसत नाही. उलट गाडी हलकी, चपळ वाटते. पण इंजिन जास्त तापतं, व्हॉल्व्ह जळतो, आणि उन्हाळ्यातल्या लांब चढावर पिस्टन धरू शकतो. ओल्या मिश्रणाने लगेच घात होत नाही. प्लग काळा पडतो, ॲव्हरेज घसरतं, आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. दोन्हींत निवडायचंच झालं तर किंचित ओलं बरं.

कार्ब्युरेटरची तीन खाती

कार्ब्युरेटर रेसच्या प्रत्येक टप्प्याला वेगवेगळ्या वाटेने पेट्रोल देतो. हे समजलं की अर्धं काम झालं.

रेस बंद ते पाव: इथे पायलट जेट काम करतो. हा बारीक छिद्राचा छोटा जेट. त्याच्याबरोबर मिश्रण कमीजास्त करणारा एक स्क्रू असतो.

पाव ते पाऊण: इथे सुईचा अंमल. रेस दिली की कार्ब्युरेटरमधला नळकांड्यासारखा स्लाइड वर जातो, आणि त्याला खाली लटकलेली निमुळती सुईही. सुई जितकी वर, तितकी पेट्रोलची वाट मोकळी.

पाऊण ते पूर्ण: इथे मेन जेट, म्हणजे मधोमध छिद्र असलेला पितळी तुकडा. त्यावर आकडा कोरलेला असतो. आकडा मोठा, तर पेट्रोल जास्त.

यावरून एक सोपी युक्ती निघते. रेसच्या मुठीवर आणि शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर पांढरी चिकटपट्टी लावा. मुठीवर एक रेघ मारा, आणि शेजारी बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण अशा पाच खुणा करा. आता गाडी कुठे अडखळते हे वेगावरून किंवा गिअरवरून ठरवू नका, खुणेवरून ठरवा. ‘साठला मिसिंग करते’ या तक्रारीवरून काहीच कळत नाही. ‘अर्ध्या रेसला मिसिंग करते’ म्हटलं की बोट थेट सुईवर जातं.

पहिली पायरी: कार्ब्युरेटर सोडून बाकी सगळं

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी गाडी बाकी अंगाने ठीक आहे ना, हे पाहा. एअर फिल्टर साफ हवा. टॅपेट बरोबर हवेत; ओतीव लोखंडी इंजिनात गाडी पूर्ण थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंटवाली गाडी असेल तर पॉइंटमधली फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवा. प्लग नवा घाला.

मग दोन गळत्या शोधा. पहिली सायलेन्सरच्या बाजूची. थंड गाडी सुरू करा आणि कापडाचा बोळा सायलेन्सरच्या टोकाशी क्षणभर दाबून धरा. बेंड पाइप जिथे इंजिनाला मिळतो तिथून, किंवा सायलेन्सरच्या जोडातून फुस्स आवाज आला, तर पॅकिंग गळतंय. दोन-चार सेकंदांत हे तपासून घ्या, पाइप लगेच तापतो.

ही गळती फार फसवी. रेस सोडल्यावर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते, गरम पाइपातल्या न जळलेल्या पेट्रोलला भेटते आणि बार निघतो. दोष पॅकिंगचा, आळ कार्ब्युरेटरवर. मी स्वतः एकदा याच फटाक्यांपायी एका संध्याकाळी जेट, सुई आणि स्क्रू तिन्ही बदलले. तीन दिवस काय चुकतंय ते कळेना. शेवटी बेंड पाइपाचं पॅकिंग नवं घातलं आणि फटाके थांबले. मग बदललेलं सगळं पुन्हा मूळच्या जागी आणायला आणखी एक रविवार गेला.

दुसरी गळती कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या मधली. गाडी स्लोवर ठेवा आणि त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा सूर बदलला, तर तिथून चोरून हवा जातेय. यासाठी पेट्रोल मारणारेही असतात. तसं करू नका, गरम इंजिनावर ते पेट घेईल. जोड सापडला म्हणून नट जीव लावून आवळू नका. जोडाची सपाट कड, म्हणजे फ्लँज, वाकते आणि गळती कायमची होते.

दुसरी पायरी: आहे ते लिहून ठेवा

कागद-पेन घ्या. मिश्रणाचा स्क्रू हलक्या हाताने आत फिरवा आणि किती फेऱ्यांत टेकला ते मोजा. समजा दीड फेरी. लिहा, आणि पुन्हा दीड फेरी बाहेर काढा. टेकल्यावर जोर लावला तर त्याचं टोक मोडून आत अडकतं, आणि मग सबंध कार्ब्युरेटर बदलायची पाळी येते.

पुढे खोलताना मेन जेटचा आकडा, पायलट जेटचा आकडा आणि सुईचं लॉक वरून कितव्या खाचेत आहे, हेही लिहा. मोबाइलवर फोटो काढा. या चार नोंदी म्हणजे परतीचा रस्ता. तो माहीत असला की चुकायची भीती राहत नाही.

तिसरी पायरी: खोलणं

मोकळ्या हवेत बसा. पेट्रोलचा नळ बंद करा. जवळपास देवाची उदबत्तीसुद्धा नको. कार्ब्युरेटरच्या तळाला जी वाटी असते, ती फ्लोट बाउल. तिच्यातलं पेट्रोल एका बाटलीत काढून घ्या. तळाला पाण्याचे थेंब किंवा पांढरट चिकट थर दिसला तर दचकू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पावसाळ्यात दोन-तीन आठवडे उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास आढळतं. आधी ते साफ करा. कित्येकदा जेट बदलायची गरजच उरत नाही.

जेट पितळी असतात, म्हणजे मऊ. त्यांच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर वापरा. सैल पात्याने खाच घासली की जेट आतच राहतो. छिद्र बुजलं असेल तर फुंकरीने किंवा पंक्चरवाल्याकडच्या हवेने साफ करा. तार घालू नका. तारेने छिद्र किंचित जरी रुंदावलं तर जेटवर कोरलेला आकडा खोटा ठरतो.

नवे जेट घेताना कार्ब्युरेटरच्या कंपनीचेच घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांच्या जेटवरचे आकडे एकाच मापाचे नसतात, आणि नकली जेटवर ९५ लिहिलेलं असलं तरी छिद्र कितीचं असेल याची खात्री नाही.

चौथी पायरी: मेन जेट

वरच्या टोकापासून सुरुवात करू, कारण मेन जेटचा परिणाम सुईच्या टप्प्यावरही होतो. आधी खालचं बसवलं आणि मग मेन जेट बदलला, तर खालचं पुन्हा करावं लागतं.

समजा जुन्या जेटवर ९० आहे. नुसता सायलेन्सर बदलला असेल आणि त्यात बॅफल असतील, तर ९५ लावून पाहा. एकच पाऊल. एअर फिल्टरही मोकळा केला असेल तर आणखी एखादं पाऊल लागू शकतं. ‘दोन नंबर वरचा टाका, पिकअप वाढेल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पेट्रोल वाढवून ताकद वाढत नसते. हवेच्या जोडीने वाढलं तरच त्याचा उपयोग.

आता चाचणी. रहदारी नसलेला, सरळ, थोड्या चढाचा रस्ता निवडा. चढामुळे वेग आवाक्यात राहून पूर्ण रेस देता येते. हेल्मेट घाला. इंजिन चांगलं तापू द्या. तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस द्या, काही सेकंद धरा, आणि मग मूठ किंचित, अगदी सूतभर, परत घ्या.

मूठ परत घेतल्यावर गाडी आणखी जोरात ओढू लागली, तर मिश्रण कोरडं आहे. जेट एक पाऊल मोठा हवा. पूर्ण रेसला गाडी जड, गुरगुरत चालत असेल आणि सायलेन्सरमधून काळपट धूर येत असेल, तर ओलं आहे. एक पाऊल मागे या. मूठ परत घेतल्यावर ओढ थोडी कमी झाली आणि बाकी काही झालं नाही, तर जेट बरोबर.

खात्री करायला प्लग पाहा. पूर्ण रेसमध्ये काही सेकंद चालवून क्लच दाबा, त्याच क्षणी इंजिन बंद करा आणि गाडी घरंगळत कडेला थांबवा. प्लग गरम असतो, हातमोजा घालून काढा. आतली चिनी मातीची दांडी बिस्किटी रंगाची असेल तर ठीक. पांढरीफटक असेल तर कोरडं. काजळी असेल तर ओलं. मात्र रेस सोडून, स्लोवर गाडी आणून, मग प्लग काढला तर तो रंग स्लोचा दिसतो, पूर्ण रेसचा नाही. ही चूक सगळे करतात. आणि हल्लीच्या पेट्रोलने प्लगवर पूर्वीसारखा गडद रंग चढत नाही. वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या चॉकलेटी रंगाच्या मागे लागलात, तर गाडी नको इतकी ओली कराल.

पाचवी पायरी: स्लो आणि मिश्रणाचा स्क्रू

पंधरा मिनिटं गाडी फिरवून आणा. थंड इंजिनावर लावलेला स्लो गरम झाल्यावर कधीच टिकत नाही.

आधी एक गोष्ट डोळ्यांनी पाहा. मिश्रणाचा स्क्रू कार्ब्युरेटरच्या कोणत्या बाजूला आहे? एअर फिल्टरच्या बाजूला असेल, तर तो हवेचा स्क्रू. आत फिरवला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रण ओलं होतं. व्हीएम जातीच्या कार्ब्युरेटरात असा असतो. इंजिनाच्या बाजूला असेल, तर तो पेट्रोलचा स्क्रू. तो आत फिरवला की पेट्रोल कमी होतं, म्हणजे मिश्रण कोरडं होतं. एकाच दिशेला फिरवून उलटे परिणाम. मित्राच्या गाडीवर जमलेली युक्ती आपल्या गाडीवर का फसली, याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

स्लोचा स्क्रू वेगळा असतो, तो स्लाइडला खालून टेकू देतो. त्याने स्लो थोडा वर घ्या. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेरी फिरवा आणि दर वेळी दहा सेकंद थांबून ऐका. एका जागी इंजिनाचा वेग सगळ्यात जास्त आणि ठोके एकसारखे होतील. दोन्ही बाजूंना गेल्यावर ते मंदावतात, चुकतात. ती मधली जागा सापडली की स्लोच्या स्क्रूने वेग पुन्हा खाली आणा.

ती जागा किती फेऱ्यांवर सापडली, हेही बोलकं असतं. हवेच्या स्क्रूला एक फेरीपेक्षा कमी उघडल्यावरच गाडी सुरळीत चालत असेल, तर तिला पेट्रोल कमी पडतंय. पायलट जेट एक आकडा मोठा घ्या. अडीच-तीन फेऱ्यांच्या पुढे जावं लागत असेल तर लहान. पेट्रोलच्या स्क्रूला हाच हिशेब उलटा लावा.

रेस सोडल्यावर निघणारे फटाके बहुतेक याच पायरीवर थांबतात. रेस बंद असताना मिश्रण फार कोरडं असेल तर ते सिलिंडरमध्ये पेटतच नाही. तसंच सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथे भडकतं. मेन जेट कितीही मोठा केला तरी हे थांबणार नाही, कारण रेस बंद असताना मेन जेटचा काही संबंधच नसतो. गोल्डस्टार किंवा शॉर्ट बॉटल जातीच्या मोकळ्या सायलेन्सरमध्ये उतारावर एखादा पुसट बार निघतच राहतो. तेवढा चालवून घ्या.

सहावी पायरी: सुई

आता अर्ध्या रेसचा टप्पा. रोजची बरीचशी रपेट इथेच होते, म्हणून या पायरीला वेळ द्या.

कार्ब्युरेटरचं वरचं झाकण उघडून स्लाइड बाहेर काढा. सुईच्या वरच्या टोकाला बहुधा पाच खाचा असतात आणि त्यांतल्या एकीत बारीक लॉक. लॉक खालच्या खाचेत लावलं की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. वरच्या खाचेत लावलं की सुई खाली जाते आणि पेट्रोल कमी होतं. हे उलटं वाटतं आणि बरेच जण इथेच गोंधळतात. लॉक खाली, सुई वर, पेट्रोल जास्त, असं पाठ करून टाका.

अर्ध्या रेसवर स्थिर चालवताना गाडी हिसके देत असेल किंवा रेस वाढवल्यावर क्षणभर दम धरत असेल, तर मिश्रण कोरडं असेल; लॉक एक खाच खाली घ्या. आवाज घोगरा येत असेल आणि गाडी मंद वाटत असेल, तर एक खाच वर.

लॉक बसवताना हात पदराखाली घ्यावा तसा फडक्याखाली घ्या. ते तांदळाच्या दाण्याएवढं असतं, आणि उडालं की अंगणातल्या मातीत सापडत नाही.

स्लाइड परत बसवताना त्याच्या अंगावरची उभी खाच आतल्या खुंटीवर येऊ द्या. जबरदस्ती करू नका. झाकण लावल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, मूठ पूर्ण फिरवून सोडा. स्लाइड खाली बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना वळवून पुन्हा तसंच करा. आवाज आला नाही तर स्लाइड अडकलाय, आणि ती गाडी सुरू होताच पूर्ण रेसने पळेल. या कामात जिवावर बेतणारी चूक हीच.

डायफ्रॅमवाला कार्ब्युरेटर असेल तर

२००९ नंतरच्या नव्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरवाल्या ३५० बुलेटींवर वेगळ्या जातीचा कार्ब्युरेटर येतो. त्यात मूठ फक्त एक झडप उघडते. स्लाइड वर उचलण्याचं काम हवेच्या दाबावर चालणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, करतो. पायऱ्या त्याच, पण दोन गोष्टी वेगळ्या.

एक, हा पडदा फार नाजूक. उजेडासमोर धरून पाहा. सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी पिकअप जातो, आणि जेट बदलून तो परत येत नाही. पडद्यावर कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा मारू नका, रबर फुगतं आणि काठ खाचेत बसत नाही.

दोन, याच्या सुईला खाचा असतीलच असं नाही. नसतील तर सुईच्या डोक्याखाली अर्धा मिलिमीटर जाडीची वॉशर घालून ती उचलतात. मिश्रणाचा स्क्रू इंजिनाच्या बाजूला असतो आणि कधी त्यावर पितळी टोपी ठोकलेली असते.

सातवी पायरी: पुन्हा एकदा, आणि मग पीयूसी

सुई बदलली की स्लो थोडा हलतो. पाचवी पायरी पुन्हा करा. मग शंभरेक किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा आणि प्लग पाहा. ॲव्हरेज थोडं कमी झालं तर घाबरू नका, पण पार घसरलं असेल तर कुठेतरी पाऊल जास्त पडलंय.

शेवटी पीयूसी काढायला जा. तिथल्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दिसतो, तो फक्त पास-नापास ठरवण्यासाठी आहे असं समजू नका. आकडा चढा, तर स्लोचं मिश्रण ओलं. अगदी शून्याला टेकलेला, तर कोरडं. कानाने लावलेल्या स्लोची याहून स्वस्त तपासणी नाही.

हवामान आणि उंचीचाही हिशेब ठेवा. उंचावर हवा विरळ होते, म्हणून मुंबईत बरोबर लावलेली गाडी महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, किंचित ओली चालते. तेवढ्याने काही बिघडत नाही. लेहला निघाला असाल तर मात्र एक लहान मेन जेट सोबत ठेवा. खारदुंगला खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे गाडी गुदमरली म्हणून आणखी मोठा जेट टाकणारे भेटतात. त्याने ती आणखी गुदमरते.

एक नियम

या सगळ्यातून एकच नियम लक्षात ठेवायचा असेल, तर हा: एका वेळी एकच गोष्ट बदला, एकच पाऊल बदला, आणि चालवून पाहिल्याशिवाय दुसरीला हात लावू नका. ३,००० आरपीएमला बुलेटचं इंजिन सेकंदाला पंचवीस वेळा हवा ओढतं. त्यात दोन बदल एकत्र केले, तर कोणत्याने गुण आला आणि कोणत्याने बिघडलं, हे कानाला कधीच कळणार नाही.

काम संपलं की नवे आकडे त्याच कागदावर जुन्यांच्या शेजारी लिहा आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूलबॉक्समध्ये ठेवा. जुने जेटही त्याच पिशवीत. आणि मूळचा सायलेन्सर भंगारात देऊ नका. सगळं करूनही गाडी लागत नसेल, तर तो परत चढवून, जुने आकडे लावून पाहा. गाडी सुधारली, तर दोष नव्या सायलेन्सरचा आहे, आणि तो बदलणं हाच त्यावरचा उपाय.